मुक्कामाची वही

परगावी मुक्काम करून आलेला माणूस त्या मुक्कामाविषयी चार ओळी लिहितो, ही गोष्ट आता इतकी सवयीची झाली आहे की तिलाही इतिहास असेल असे आपल्याला वाटत नाही. खोली कशी होती, खिडकीतून समुद्र दिसत होता की मागची भिंत, सकाळचा नाश्ता किती वाजेपर्यंत मिळाला, नोकर हसून बोलले की नाही, हे सगळे पाहुणा लिहितो आणि पुढचा पाहुणा ते वाचून आपला मुक्काम ठरवतो. मालदीवच्या एखाद्या बेटावरच्या भल्यामोठ्या रिसॉर्टपासून देवबागच्या तीन खोल्यांच्या घरापर्यंत सगळ्यांचे बरेवाईट आज या शेऱ्यांवर ठरते.

पण पाहुणा यजमानाविषयी कधीपासून लिहू लागला? त्याआधी कोण कुणाविषयी लिहीत होते? आणि कुणाचे नाव कोणत्याच वहीत येत नव्हते? कोल्हापूर हे या प्रश्नांचा माग काढायला सोयीचे ठिकाण आहे. एक तर ते क्षेत्र, म्हणजे यात्रेकरूंचे गाव. दुसरे म्हणजे ते राजधानीचे गाव, म्हणजे सरकारी पाहुण्यांचे. आणि तिसरे, ज्याचा सहसा विसर पडतो, ते एके काळी समुद्रावर सत्ता असलेले राज्य होते. आज शनिवारी पहाटे रंकाळ्यावरून गगनबावड्याच्या दिशेने ज्या गाड्यांची रांग लागते, त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल की आपण ज्या मालवणला खोल्या राखून ठेवल्या आहेत, ते बंदर १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींचे होते.

उपाध्यायांची नामावळ

मुक्कामाची आपल्याकडची सर्वांत जुनी वही तीर्थोपाध्यायांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा क्षेत्री उपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी असतात. यात्रेकरू आला की उपाध्याय त्याचे कूळ, गाव, जात विचारतो, त्या कुळाची वही काढतो आणि त्याच्या आजा-पणजाचा लेख त्याच्यापुढे ठेवतो. मग हाही खाली आपला लेख लिहितो: अमुक गावचा अमुक, बरोबर कोण, कोणत्या कारणाने आला. जुने लेख मोडीत असतात, काही स्वतः यात्रेकरूच्या हातचे असतात, आणि वंशावळीच्या वादात त्यांना पुराव्याची किंमत असते.

या वहीत एक गोष्ट सापडत नाही, ती म्हणजे तक्रार. उपाध्यायाकडे जागा कोंदट होती, पाणी वेळेवर मिळाले नाही, दक्षिणा फार मागितली, असे त्यात कुणी लिहीत नाही. हे सगळे घडत नसे असे नव्हे. तीर्थाच्या ठिकाणी लुबाडले गेल्याच्या कहाण्या आपल्या घराघरांत आहेत. पण वहीचा उद्देशच निराळा होता. ती यजमानाचा दर्जा ठरवण्यासाठी नव्हती, तर पाहुणा कोण हे ठरवण्यासाठी होती. पारखला जाई तो पाहुणा. आणि तो पारखला गेल्यावरच त्याला कुठे बसवायचे, कुठवर आत घ्यायचे, हे ठरे.

त्या काळच्या पाहुणचाराचे दुसरे अंग म्हणजे शिधा. मराठेशाहीच्या कागदांत पाहुण्याच्या बडदास्तीचा उल्लेख येतो तेव्हा तो बहुधा शिजवलेल्या जेवणाचा नसतो. तांदूळ, डाळ, कणीक, तूप, सरपण यांचा असतो. कोण कुणाच्या हातचे खाईल हे जातीने ठरवलेले असल्यामुळे पाहुण्याला कोरडा शिधा देणे हाच निर्धोक मार्ग होता. ज्याची चूल त्याने मांडावी. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे जो प्रवास केला त्याची हकीकत ‘माझा प्रवास’मध्ये आहे. ती वाचताना जाणवते की त्या काळी वाटसरूची पहिली विवंचना अंथरुणाची नसे. स्वयंपाकाची जागा आणि सोवळ्याचे पाणी यांची असे. धर्मशाळा म्हणजे छप्पर, ओटा, जवळ विहीर. बाकी सारे ज्याचे त्याने. अशा व्यवस्थेत ‘सेवा’ विकली जात नव्हती, म्हणून तिच्याविषयी शेरा मारण्याचाही प्रश्न नव्हता.

साहेबाचा शेरा

हे चित्र पालटले ते डाक बंगल्याने. कंपनी सरकारने आणि पुढे राणीच्या सरकारने मोठ्या रस्त्यांवर टप्प्याटप्प्याने बंगले बांधले. आपल्याकडे त्यांना मुसाफिर बंगला, ट्रॅव्हलर्स बंगला अशी नावे पडली. बंगल्यात दोन-तीन खोल्या, खाट, टेबल, न्हाणीघर, एक खानसामा आणि एक चौकीदार. ठरलेले भाडे द्यायचे आणि पुढे निघायचे. येथे प्रथमच एक नवी वही टेबलावर आली. तीत प्रवाशाने आपले नाव, येण्याजाण्याची वेळ आणि दिलेले पैसे लिहायचे. आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. बंगला कसा राखला आहे, खानसाम्याची वर्तणूक कशी आहे, हे प्रवाशाने त्या रकान्यात लिहायचे आणि वरच्या अधिकाऱ्याने ते तपासायचे.

या रकान्याने पाहुणचाराचे तोंडच फिरवले. आता पारखला जाऊ लागला तो यजमान. तोही खरा यजमान नव्हे, पगारी नोकर. साहेब आला की अंगणात कोंबडीची धावपळ सुरू व्हायची आणि अर्ध्या तासात तीच ताटात यायची. या पदार्थाला अँग्लो-इंडियन बोलीत ‘सडन डेथ’ असे नावच पडले होते आणि १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या शब्दकोशात त्याची नोंद आहे. कोंबडी चिवट निघाली तर साहेब शेरा लिहायचा. तो शेरा वाचून एखाद्या खानसाम्याची भाकरी जाऊ शकत होती. पण त्या वहीत खानसाम्याने साहेबाविषयी काही लिहावे असा रकाना नव्हता. आजही तो नसतोच म्हणा. जे बदलले ते इतकेच की साहेबाच्या खुर्चीत आता आपण बसतो.

त्याच सुमारास तिसरीही एक वही तयार होत होती, ती पोलिसांची. १८६७ च्या सराई कायद्याने ब्रिटिश मुलखातल्या सराईंची नोंदणी आवश्यक केली, मालकावर स्वच्छतेची आणि सांसर्गिक रोग्याची खबर पोलिसांना देण्याची जबाबदारी टाकली, आणि मॅजिस्ट्रेटने मागितल्यास उतारूंची खबर देणेही त्याला बंधनकारक केले. उपाध्याय विचारत होता, तू कोणाचा कोण. सरकार विचारू लागले, तू आलास कुठून आणि जाणार कुठे. हॉटेलात शिरताना ओळखपत्राची प्रत मागतात तेव्हा ती याच वहीची नात असते.

कोल्हापुरात आगगाडी आली १८९१ साली, मिरजेहून. गाडीने पाहुण्यांची संख्या वाढवली, तसा पाहुण्यांचा प्रकारही बदलला. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू पूर्वी गाडीबैलाने, पायी, आठ-पंधरा दिवसांच्या तयारीने येई. आता तो सकाळी उतरून दुसऱ्या दिवशी परत जाऊ लागला. अशा माणसाला शिधा नको असतो, तयार ताट हवे असते. खानावळ आणि चहाचे दुकान या दोन संस्था वाढल्या त्या या गरजेतून. सरकारी पाहुण्यांचा थाट वेगळा. मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार १८८४ मध्ये पुरा झालेला नवा राजवाडा, साठमारी, चित्त्यांकरवी होणारी हरणांची शिकार, दाजीपूरच्या रानातले मुक्काम, १९१२ मध्ये तयार झालेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या. गव्हर्नर येवो की शेजारचा संस्थानिक, कोल्हापूरचा पाहुणचार त्याच्या लक्षात राहावा अशी ही योजना होती.

ज्यांचे नाव वहीत नव्हते

पण या तिन्ही वह्यांच्या बाहेर एक मोठा समाज होता. उपाध्यायाच्या ओसरीवर तो चढू शकत नव्हता, धर्मशाळेच्या विहिरीला हात लावू शकत नव्हता, आणि खानावळीत त्याला ताट मिळत नव्हते. प्रवासाला निघालेल्या अस्पृश्याची रात्र कुठे जात असेल, याविषयी आपल्या प्रवासवर्णनांत जवळजवळ काही नाही. आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेल्या आठवणींत.

१९१७ साली परदेशातले शिक्षण आटोपून ते बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारतील म्हणून ते एका पारशी उतारशाळेत गेले. ती केवळ पारशांसाठी होती. त्यांनीच तोड काढली: वहीत पारशी नाव लिहितो, म्हणजे राहता येईल. त्यांनी तसे लिहिले. वरच्या मजल्यावर, अडगळीच्या सामानाने भरलेल्या एकाकी जागेत त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी जिन्यावरून वर आले आणि त्यांनी जाब विचारला. त्याच दिवशी जागा सोडावी लागली. काही तास त्यांनी कामाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. मुक्कामाच्या वहीत स्वतःचे नाव लिहिण्याची मुभा नसणे म्हणजे काय, याचा इतका उघडा दाखला दुसरा नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस आणि एका रकान्यात खोटे नाव.

हे ध्यानात ठेवून कोल्हापुरातल्या पुढच्या दोन-तीन वर्षांकडे पाहावे. १९१९ साली शाहू छत्रपतींनी हुकूम काढला की संस्थानातल्या सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, सरकारी उतारशाळा, नदीचे पाणवठे, सार्वजनिक विहिरी येथे कुणाचाही विटाळ मानता कामा नये. समाजसुधारणेच्या इतिहासात या हुकमाची नोंद असते. पाहुणचाराच्या इतिहासातही त्याला जागा हवी, कारण वाटसरूला छप्पर देताना जात विचारायची नाही असे सरकारने सांगितल्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळी दुर्मीळ होते.

हुकूम कागदावर राहतो, आणि चहा घोटाघोटाने प्यावा लागतो. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. महाराज दिल्लीहून परतल्यावर त्यांच्या कानी हे गेले. त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगाराम यांना नोकरीच्या बंधनातून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला साहाय्य दिले. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक हॉटेल’ सुरू झाले. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानासमोर थांबवू लागले. चहा मागवायचा, स्वतः घ्यायचा आणि गाडीत बरोबर असलेल्या उच्चवर्णीय मंडळींनाही द्यायचा. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारणार कोण?

डाक बंगल्याच्या वहीशी हा प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. तेथे पाहुणा बलिष्ठ होता आणि आपले बळ त्याने यजमानाला तोलण्यासाठी वापरले. येथेही पाहुणा बलिष्ठ होता, पण त्याने ते बळ यजमानाच्या पाठीशी उभे केले. भर रस्त्यावर घेतलेला एक कप चहा हाच त्याचा शेरा होता, आणि तो गावाने वाचला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्या सभेत महाराजांनी बाबासाहेबांना आपल्याकडे भोजनाला येण्याचे जाहीर निमंत्रण दिले. बडोद्याच्या उतारशाळेतून बाहेर पडावे लागल्याला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती.

घाटाखालचा समुद्र

आता समुद्राकडे वळू. सिंधुदुर्गाच्या बांधकामाला १६६४ मध्ये प्रारंभ झाला, आणि मालवणजवळच्या कुरटे बेटावर सुमारे ४८ एकरांचा हा जलदुर्ग १६६७ मध्ये उभा राहिला. बेटावर माणसे वसवायची तर पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा. तो दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींनी सोडवला. चहूकडे खारे पाणी असताना आजही त्या विहिरींचे पाणी गोड आहे. शिवरायांनंतर घराण्याची वाटणी झाली तेव्हा हा किल्ला आणि मालवण बंदर कोल्हापूरकडे आले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले, पण पुढच्याच वर्षी तो कोल्हापूरला परत दिला. कोल्हापूरच्या गलबतांचा इंग्रजी व्यापाराला असलेला उपद्रव मात्र थांबला नाही. अखेर १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हातून गेले. कोल्हापूरचा समुद्र तेथे संपला.

संपला म्हणजे सत्ता संपली, नाते राहिले. किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या मंदिराचा सभामंडप विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी बांधवला. फोंडा, करूळ, आंबोली या घाटांनी गूळ खाली जात राहिला. सुकी मासळी, नारळ, कोकम, मीठ वर येत राहिले. माणसेही वर आली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्याच शिरोड्यात झाला. त्यानंतर ते कोल्हापुरात आले आणि आयुष्याचा उरलेला काळ बहुतांशी येथेच राहिले. पण उलट दिशेने, केवळ समुद्र पाहायला म्हणून घाट उतरणारा कोल्हापूरकर त्या काळात क्वचितच. हवापालटाला जायचे तर पन्हाळा होता. संध्याकाळी पाण्याकाठी बसायचे तर रंकाळा होता.

खुद्द कोकणी माणसालाही वाळूवर जाऊन पडण्याचे कारण नव्हते. मालवण, तारकर्लीची वाळू ही रापणीची जागा होती. रापण म्हणजे होडीने अर्धगोल टाकलेले लांब जाळे किनाऱ्यावरून पन्नास-साठ हातांनी ओढायचे आणि आलेली मासळी वाट्यांनुसार वाटून घ्यायची. वाळूत जाळी वाळत, होड्या ओढून ठेवल्या जात. घरे माडांच्या आत, वाऱ्याला पाठ देऊन. समुद्राकडे तोंड करून खिडकी ठेवावी, ही मुळी गिऱ्हाइकाची कल्पना. वादळ सोसणाऱ्याची नव्हे.

किनारा विक्रीला निघतो

आपल्या बाजूला ही कल्पना आली ती गोव्यातून. १९६१ च्या मुक्तीनंतर रस्ते खुले झाले. साठीच्या दशकाअखेर कळंगुट, हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. ते कोळ्यांच्या, रेंदेरांच्या घरीच खोली घेऊन राहत, तेथेच जेवत. १९७४ मध्ये आग्वादच्या किल्ल्यापाशी पहिले मोठे किनारी हॉटेल उघडले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्ताने जगभरचे राष्ट्रप्रमुख गोव्यात विश्रांतीला आले आणि गोव्याचे नाव जगभर झाले. मग चार्टर विमाने सुरू झाली. पाहुणा आता घरात उतरत नव्हता; विमानतळावरून बसने थेट कुंपणाच्या आत जात होता. १९८७ च्या सुमारास ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अशा पर्यटकांचे स्वागत शेण फेकून केले. अतिथीला देव मानणाऱ्या देशात हे घडले म्हणून पुष्कळांना धक्का बसला. पण त्यांचा राग माणसावर नव्हता. ज्या हॉटेलांसाठी पाणी, वाट आणि वाळू गावाकडून काढून घेतली जात होती, त्या व्यवस्थेवर होता.

या व्यवस्थेचे पूर्ण रूप पाहायचे तर मालदीवकडे पाहावे. तेथे १९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट निघाले. दिवेही भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळे. पुढे धोरणच ठरले की एका निर्जन बेटावर एकच रिसॉर्ट. बेट, घाट, वीज, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र, सगळे त्या रिसॉर्टचे. १९८० च्या दशकापासून वस्तीच्या बेटांवर परदेशी पाहुण्याने मुक्काम करण्यावर निर्बंध आले. मुस्लिम समाजाच्या रीतिभातींना धक्का लागू नये हे त्यामागचे एक कारण होते. परिणाम असा की पाहुणा आठवडाभर एखाद्या देशात राहून त्या देशातले एकही घर न पाहता परत जाऊ लागला. त्याला भेटे तो फक्त गणवेशातला माणूस. २००९-१० नंतर वस्तीच्या बेटांवर साध्या घरगुती निवासांना परवानगी मिळाली, आणि तेव्हा कोठे मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला पाहुण्याच्या पैशांतला वाटा थेट मिळू लागला.

आपल्या किनाऱ्यावर या दोन्ही वाटा एकाच वेळी समोर आल्या. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे होऊ देऊ नयेत असे सुचवले. त्यातून पुढे फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला आणि १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण झाली. पर्यटन विकास महामंडळाने गणपतीपुळे, तारकर्ली येथे निवास उभारले. त्याचबरोबर ‘निवास व न्याहारी’ योजनेतून घराघरांत एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठी निघाल्या.

शिरोडा-वेळागरचे प्रकरण या दोन वाटांच्या मधोमध उभे आहे. पंचतारांकित हॉटेलासाठी तेथील जमीन घेण्याचा निर्णय नव्वदच्या दशकातला. जमीन गेली, हॉटेल मात्र उभे राहिले नाही. गावकऱ्यांचा विरोध आणि कोर्टकचेऱ्या यांत वर्षे गेली, आणि २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मान्यता दिली. हॉटेल आले तर रोजगार येईल, हे खरे. पण रोजगार कोणत्या पायरीचा, हा तेथल्या माणसाचा प्रश्न आहे. माडाखालच्या घरात पाहुणा उतरतो तेव्हा घरची बाई मालकीण असते. तोच पाहुणा कुंपणाआड उतरला की तीच बाई फार तर पाळीवर येणारी कामगार होते. माशाचे कालवण तेच. फरक असतो तो कोणत्या दाराने आत जायचे याचा. भरतीओहोटीच्या पट्ट्यातली वाळू सरकारची, म्हणजे सगळ्यांची. पण त्या वाळूकडे जाणारी वाट एकदा कुणाच्या मालकीची झाली की सगळ्यांच्या या हक्काला फारसा अर्थ उरत नाही.

कोल्हापूरनेही आपल्या परीने हा फेरा अनुभवला. रंकाळ्याच्या पश्चिम काठी १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. ज्या वाड्यात पूर्वी राजाच्या निमंत्रणाशिवाय पाऊल पडत नव्हते, तेथे भाडे भरणारा कुणीही झोपू लागला. हा बदल मला वाईट वाटत नाही. पैसा हा जातीपेक्षा बरा द्वारपाल. तो निदान कूळ विचारत नाही. पण तोही द्वारपालच आहे, एवढे विसरू नये.

शेऱ्याचा रकाना

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये माडांची अरुंद पट्टी. खाडीच्या तोंडाशी वाळूचे एक बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले असे तेथले लोक सांगतात आणि त्याला त्सुनामी बेट म्हणतात. तेथल्या एका घरगुती निवासात दोन वर्षांपूर्वी मी उतरलो होतो. निघताना घरधन्याने वही पुढे केली. दुरेघी, शाळकरी. मागची पाने चाळली तर निम्मी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीची. बहुतेकांनी मासळी ताजी होती असे लिहिले होते. काहींनी गरम पाण्याची, काहींनी तिखट कमी पडल्याची तक्रार केली होती. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेल्या जिभेला मालवणी कालवण सौम्य लागणारच.

मी घरधन्याला विचारले, तुम्ही पाहुण्यांविषयी कुठे लिहून ठेवता का? तो हसला. म्हणाला, लिहून कशाला ठेवायचे, ज्यांना परत बोलवायचे त्यांचा नंबर ठेवतो.

उपाध्यायाची वही पाहुण्याला पारखत होती, साहेबाची वही यजमानाला, सरकारची वही दोघांनाही. सत्यसुधारक हॉटेलात कुठली वही नव्हती. होता तो एक पाहुणा, ज्याला हे उमगले होते की एखाद्याच्या दारी बसून त्याच्या हातचे घेणे ही यजमानाला दिलेली साक्षही असते. घाट उतरून समुद्राकडे जाणारा आजचा कोल्हापूरकर पैसे मोजतो आणि शेरा लिहितो, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण खोली ठरवताना त्याने आणखी एक गोष्ट विचारून घ्यायला हरकत नाही: जेथे आपण उतरणार, तेथल्या वाळूवर अजून रापण ओढली जाते का? उत्तर ‘हो’ असेल तर त्या पहाटे लवकर उठावे, जाळ्याच्या दोराला हात लावावा, आणि शेऱ्याच्या रकान्यात गरम पाण्याविषयी जरा कमी लिहावे.